वर थांबलेला सारंग

"बाय, हायस का गो तिथं?"

"आहे, आबा."

"काय करतेस?"

"वाचतेय."

"समुद्र हाय का त्यात?"

"नाही. वाळवंट आहे."

"मग चालंल. मोठ्यानं वाच."

न्हाणीघराचं दार सताड उघडं होतं आणि चौकटीवर आईची जुनी साडी पडद्यासारखी टाकली होती. आतून तांब्याचा आवाज येत होता. मी बाहेर कपडे धुवायच्या दगडावर बसून कुणाच्या तरी उंटावरच्या प्रवासाचं पान मोठ्याने वाचत होते. पान उलटायला थांबले, की आतला तांब्याही थांबायचा.

"हायस ना?"

"आहे, आहे."

घरात हे असं बरेच महिने चाललं होतं. आबा आंघोळीला गेले, की कुणीतरी बाहेर बसायचं आणि बोलत राहायचं. मी चिपळूणला शिकवत होते, शनिवार-रविवारी घरी यायचे, तेव्हा ते काम माझं. एरवी आईचं. ती आत पाहायचीही नाही. तांदूळ निवडत भाव, पाहुणे, शेजाऱ्यांच्या गाईचं वासरू असं काहीबाही बोलत बसायची. न्हाणीघराची कडी तिनेच एके दिवशी काढून टाकली. आबांची खाट माजघरातून पडवीत आली. पावसाची झड आत यायची, तरी ते तिथेच झोपायचे, अंगावर ताडपत्री घेऊन. का, असं आमच्यापैकी कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बोटीवर जायला निघणार होते. त्यांची बॅग भरून पडवीत खाटेखाली ठेवली होती.

माझे वडील हरिश्चंद्र जाक्कर मालवाहू जहाजांवर सारंग होते. डेकवरच्या खलाशांना काम नेमून देणारा, त्यांच्याकडून ते करून घेणारा आणि त्यांना सांभाळणारा माणूस तो सारंग. आमच्या कातळवाडीत घरटी एक पुरुष बोटीवर, आणि त्यातले निम्मे आबांच्या हाताखाली तयार झालेले. गाठी मारायला, दोर फेकायला, रंगाचा ब्रश धरायला त्यांनी शिकवलेलं. दत्तालाही त्यांनीच शिकवलं होतं.

दत्ता आमच्या वरच्या अंगाला राहायचा. आबांच्या मागच्या बोटीवर तो त्यांच्याबरोबर होता आणि तिथेच गेला. बोटीच्या पोटात, ज्याला ही माणसं हॅच म्हणतात तिथे, लाकडाचे ओंडके भरलेले होते. दत्ता शिडीने खाली उतरला आणि पडला. आबा वर होते. गावाला एवढंच माहीत होतं आणि गावाला तेवढं पुरे होतं. सारंग वर होता.

दत्ताची बायको चंद्रा रोज पाण्याला जाताना आमच्या अंगणावरून जायची. आबा दिसले, की थांबायची. तिने कधी आवाज चढवला नाही, कधी शिवी दिली नाही. कळशी कमरेवर ठेवून फक्त विचारायची, "दादा, तुम्ही वरच होतात ना?"

आबा म्हणायचे, "व्हय गो."

आणि ती जायची.

त्या सकाळीही आबा आंघोळ करून, केस पुसत बाहेर आले, तेव्हा ती अंगणाच्या कडेला उभी होती. तिने विचारलं. त्यांनी उत्तर दिलं. मग पंचा दोरीवर टाकून ते आईला म्हणाले, "पेज वाढ. शिबिराला जायचंय."

आबांच्या कंपनीने त्या वर्षी नवीनच काही सुरू केलं होतं. रजेवर आलेल्या खलाशांसाठी गावोगाव शिबिर घ्यायचं. पाठ, खांदे, कान तपासायचे, व्यायाम शिकवायचे, झोपेची आणि मनाची चौकशी करायची. माणूस पार मोडून घरी बसण्याआधीच त्याला सावरायचं, म्हणजे तो धडपणी कामावर टिकेल, असा त्यामागचा विचार. कंपनीच्या माणसाने ग्रामपंचायतीत येऊन तो नीट समजावून सांगितला होता. पण कातळवाडीच्या पुरुषांनी आयुष्यभर एकच तपासणी पाहिली होती, बोटीवर चढण्याआधीची. त्यात पास व्हायचं असतं. नापास झालं, की घरी.

"अनफिट करायला आलेत," समाजमंदिराच्या पायरीवर इस्माईलचाचा सगळ्यांना सांगत होते. इस्माईल परकार बोटीवर फिटर होते, आबांचे जुने सोबती. उद्या दोघं एकाच बोटीवर जाणार होते. "गोड बोलून काढून घेतील. तोंड सांभाळा."

मी चहाला मदत करायला गेले होते. आत सतरंजीवर एक तरुण फिजिओथेरपिस्ट आडदांड बाप्यांना पाठीवर झोपवून गुडघे छातीशी घ्यायला लावत होता.

"हा मेला आपल्याला पाळण्यात घालणार आता," कुणीतरी म्हणालं.

"घालू दे. बायकोनं तर कधीच घातलं नाय."

मागच्या बाजूला भांड्यांची खोली होती. समाजाची लग्नातली तपेली, पराती, घंगाळं तिथे रचून ठेवलेली. त्या खोलीत डॉक्टर फरीदा मुकादम एकेकाला बोलावून बोलत होत्या. बाहेर ओळ लागली होती. पहिला माणूस बाहेर आला, तसं ओळीने त्याला घेरलं.

"काय विचारते?"

"झोप विचारते. सात तास सांगा."

"सात? बोटीवर कोण झोपतंय रे सात तास?"

"सांगायला काय जातं? आठ सांगू नको, आळशी म्हणतील. सहा सांगितलं तर पुढचं विचारते."

"अजून काय?"

"घरची आठवण येते का. नाय म्हणा."

"घरचे ऐकतायत, जरा येते म्हण," इस्माईलचाचा म्हणाले आणि ओळ हसली.

तपासणीत असंच व्हायचं. जो बाहेर यायचा, तो प्रश्न घेऊन यायचा. त्यांच्या दृष्टीने त्यात खोटेपणा नव्हता. आपल्या माणसाला सांभाळून घेण्याचीच ती एक रीत होती. मी चहा घेऊन आत गेले, तेव्हा डॉक्टर पेनाचं टोपण लावून बसल्या होत्या. साठीच्या आसपासची बाई, दापोलीकडची, आवाज खणखणीत.

"तुमच्या गावचं पाणी चांगलं दिसतं," त्या मला म्हणाल्या. "सगळेच सात तास झोपतात."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

मग आबांचा नंबर आला. ते आत गेले आणि खोलीच्या मधोमध उभे राहिले. खिडकी रचलेल्या परातींनी झाकली गेली होती. डॉक्टरांनी उठून दार लावायला हात पुढे केला, तसं आबांनी कोपऱ्यातलं सगळ्यात मोठं तपेलं ओढलं आणि दाराला टेकवून ठेवलं.

"असू दे उघडं."

"बाहेर माणसं आहेत," डॉक्टर म्हणाल्या.

"असू देत."

डॉक्टरांनी तपेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "बसा. झोप कशी आहे, हे विचारत नाही. कुठे झोपता, ते सांगा."

हा प्रश्न ओळीतून आलेला नव्हता. आबांनी झाकलेल्या खिडकीकडे पाहिलं. मी हातातला चहा ठेवायचा विसरले होते. बाहेरची ओळ गप्प झाली होती, पण ते माझ्या लक्षात नंतर आलं.

"पडवीत," ते म्हणाले.

"पावसातही?"

"व्हय."

"आणि बोटीवर? केबिनला दार असतं."

"दाराला बूट लावून ठेवतो. बाहेर पॅसेजमध्ये लाइट असते. मध्येच उठून बघतो, बूट हाय का जागेवर."

"कधीपासून?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, जा म्हणतील. म्हणाले नाहीत. मग त्यांनी ते सांगितलं, जे त्यांनी घरी कधीच सांगितलं नव्हतं.

"ओला ओंडका बंद जागेत ठेवला ना बाई, तर तो हवेतला जीव पिऊन टाकतो. वास येत नाय, धूर नाय, काय नाय. हॅच उघडून हवा खेळवायची, हवेचा मीटर लावून बघायचं, मग उतरायचं. दत्ताला म्हाइत होतं. घाई केली त्यानं. खाली एक पट्टा राहिला होता, तो आणतो म्हणाला आणि मी हो-नाय म्हणायच्या आत शिडीवर. अर्ध्या शिडीवर हात सुटले. मी वरून बघत होतो. खाली पडला, तो माझ्याकडं तोंड करून पडला. डोळे उघडे. एक पोरगा शिडीवर पाय टाकत होता त्याच्या मागं, त्याची कॉलर धरली मी. दुसऱ्याला लाथ घातली. म्हटलं, हवेची टाकी आणि मुखवटा आल्याशिवाय कोण उतरणार नाय. टाकी यायला वेळ लागला. तवर तो तसाच बघत होता माझ्याकडं. मी तोंडानं बोलत राहिलो त्याच्याशी. दत्ता, हायस ना? दत्ता, हायस ना?"

तांब्याचा आवाज थांबायचा तो का, हे मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "जाक्कर, तुम्ही उतरला असतात, तर तुम्ही मेला असता. तुमच्यामागून ती दोन पोरं उतरली असती, तीही मेली असती. मी अशा गोष्टी ऐकत आलेय. एकामागून एक उतरतात. तुम्ही बरोबर केलंत."

"तुम्ही म्हणता," आबा म्हणाले. "हितं कोण म्हणत नाय."

"मी परत म्हणते. तुम्ही बरोबर केलंत. आणि आता तुम्हाला जे होतंय, ते भित्रेपण नाही. पाय मोडावा, तसं ते आहे. मोडलेल्या पायावर चालत राहिलात, तर तो वाकडा जुळतो. काही महिने थांबा. रत्नागिरीला उपचार करू. तोवर कंपनीचं किनाऱ्यावरचं काम आहे, दोर-जाळ्यांचं, पोरांना शिकवायचं. मग परत बोटीवर. तुमचं काम जाणार नाही. ते जाऊ नये, म्हणूनच तर हे सगळं मांडलंय."

"उद्या सकाळी निघायचंय."

"म्हणून आज सांगतेय. आणि तुम्ही सांगितल्याशिवाय यातलं एक अक्षर माझ्याकडून कुणाला जाणार नाही. हा शब्द आहे माझा."

आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर पसरून ठेवले. मग म्हणाले, "शिकवायचं काम, म्हणता?"

"हो."

"ते मला जमंल."

मला आठवतं, त्यांचे खांदे खाली आले. कुणी दोन कळश्या काढून घ्याव्यात, तसे.

"संध्याकाळपर्यंत सांगतो," ते म्हणाले. त्यांनी तपेलं उचलून जागेवर ठेवलं आणि बाहेर आले. बाहेर ओळ होती. सगळे पायांकडे बघत होते. एरवी कुणीतरी विचारलं असतं, काय विचारते रे. कुणी विचारलं नाही. इस्माईलचाचांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

डॉक्टरांकडून शब्द कुठे गेला नाही. पण दार उघडं होतं.

आम्ही लगेच घरी गेलो नाही. आबा बंदराकडे वळले, मी त्यांच्याबरोबर. ते पोरं शिकवण्याबद्दल बोलत होते. हल्लीच्या पोरांना जुन्या गाठी येत नाहीत, मनगटं कच्ची. मी हूं हूं करत होते. मला आनंद झाला होता आणि तो दाखवायची भीती वाटत होती. परत येताना वरच्या वाटेने आलो. दुपार कलली होती. चंद्रा आपल्या दारात सुरमई कापत बसली होती. शेजारी तिचा लहानगा सुजय मांजराला हुसकत होता. आजूबाजूच्या दोन-तीन बायका होत्या. आम्हाला बघून त्या बोलायच्या थांबल्या.

चंद्राने नेहमीचं विचारलं नाही. मान खाली घालून सुरी चालवत म्हणाली, "दादा, ऱ्हाताय म्हणे घरी."

आबा थांबले.

"तुम्हाला बंद जागेची भीती वाटते म्हणे."

"चंद्रावैनी," मी म्हटलं.

"मी काय वंगाळ बोलले काय गो? इचारलं." तिने माशाचं डोकं बाजूला ठेवलं. "ह्यांनाबी वाटली असंल. बंद जागेची."

सुजयच्या मांजराने डोकं पळवलं. आबा वळले आणि चालू लागले. घरापर्यंत ते माझ्या पुढेच होते, मला गाठता येणार नाही अशा चालीने.

घरी आल्यावर त्यांनी आईला विचारलं, "इस्माईल रिक्षा घेऊन कधी येतोय उद्या?"

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. तिच्याही कानावर आलं होतं, नळावर, बहुतेक. "सात वाजता म्हणाला होता," ती म्हणाली.

"बरं."

मी पडवीत त्यांच्या खाटेजवळ जाऊन बसले. ऊन अंगणातून परत फिरत होतं. त्यांनी बॅगेची चेन उघडली, लावली, परत उघडली. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मोठं नव्हतं. सकाळपासून ते माझ्याजवळ होतं, भांड्यांच्या खोलीतून मी ते घेऊन आले होते.

"आबा, त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, की—"

"कुंदे," आई दारातून म्हणाली. "बॅग भरली हाय."

आमच्याकडे बॅग भरली, की दुखण्याचं नाव काढत नाहीत. निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत, कधी परत येणार विचारत नाहीत, आणि बॅग भरल्यापासून तो निघेपर्यंत घरात ताप, खोकला, मरण, भीती यांतला एक शब्द उच्चारत नाहीत. बोललेलं बॅगेत जातं आणि बोटीवर चढतं. मी एवढी शिकलेली, तरी आईने ते म्हटल्याबरोबर माझे ओठ मिटले. लहानपणापासून मिटत आले होते.

आबांनी मान वर केली. दोघींकडे पाहिलं. थोडा वेळ वाट पाहिली, असं मला वाटतं. मग म्हणाले, "उद्याच्या प्रवासाला काय दिशील वाचायला? समुद्राचं नको."

मी त्यांना वाळवंटाचं पुस्तक दिलं.

सकाळी रिक्षा आली. आबांनी डॉक्टरांना काही कळवलं नव्हतं. ते देवाला, मग आईला नमस्कार करून निघाले. आईला नमस्कार करायची त्यांची पद्धत होती, ती लाजून "काय हो हे" म्हणायची, तशी म्हणाली. इस्माईलचाचांनी बॅग मागे टाकली. रिक्षा वळणावर गेली, तोवर आम्ही दोघी हात न हलवता उभ्या होतो. हात हलवणं म्हणजेही बोलावणंच.

नवरात्र उलटलं, तेव्हा कंपनीची माणसं घरी आली. त्यांना चप्पल कुठे काढायची ते कळत नव्हतं. त्यावरूनच आईला समजलं.

बाकीचं इस्माईलचाचांनी सांगितलं, ते उतरून घरी आल्यावर. पडवीतल्या खाटेवर बसले नाहीत, जमिनीवर बसले.

"परत लाकूडच होतं गो," ते म्हणाले. "आफ्रिकेतनं भरलेलं. सारंगाला सगळं म्हाइत. मीटर लावल्याशिवाय कुणाला जवळ येऊ देत नव्हता. पोरं चेष्टा करायची, बायकोसारखा राखतो म्हणून. त्या दिवशी एक ओडिशाचा खलाशी, लग्न झालेला, घरी दोन पोरं. जेवायच्या सुट्टीत मोबाईल पडला म्हणून उतरला. शिडीच्या तळाशी पडला. सारंग धावत आला वर. मी बघितलं त्याला. काठावर उभा राहिला. टाकी आणा, मुखवटा आणा, ओरडला. चीफ मेट, डेकचा मोठा साहेब, गेला आणायला. पोरं त्याच्या मागं उभी. सगळे त्याच्याकडं बघतायत, सारंग काय करतो. आणि कोण काय बोललं नाय गो. अल्लाची शपथ, कोण एक शब्द बोललं नाय. आणि सारंगानं मला विचारलं, इस्माईल, मी वरच हाय ना रे?"

चाचांनी तोंडावर रुमाल धरला.

"मी म्हटलं, व्हय. वरच ऱ्हा. तर रुमाल बांधला तोंडाला आणि उतरला. रुमालानं काय व्हतंय? तोच शिकवायचा पोरांना, रुमालानं काय व्हत नाय. मी त्याच्या शर्टाला हात घातला, बटण आलं हातात. त्याच्या मागं एक जण उतरणार होता, त्याच्यावर मी पडलो, दाबून धरला. टाकी आली. फार वेळ नाय लागला गो या वेळी. थोडा थांबला असता."

"तो खलाशी?" मी विचारलं.

"तो पडला तेव्हाच गेला होता."

आई आत गेली. न्हाणीघराच्या चौकटीवरची साडी तिने ओढून काढली, तिची घडी घातली आणि कितीतरी वेळ ती तशीच छातीशी धरून उभी राहिली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी चंद्रा आली. आबांच्या फोटोसमोर तिने डोकं टेकलं. ते टेकवून ठेवलं बराच वेळ. उठली तेव्हा तिचा चेहरा मऊ झाला होता, मी तिच्या लग्नात पाहिला होता तसा. "दादा," ती फोटोला म्हणाली, "आता माझं काय म्हणणं नाय."

गावाचंही नव्हतं. बंदरावरच्या शेडला आबांचं नाव दिलं. सरपंच म्हणाले, आपल्या माणसासाठी जीव टाकणारा तो सारंग. होळीला, गणपतीत, कुणी नवीन पोरगा बोटीवर निघाला की, आबांची गोष्ट सांगितली जायची. त्या गोष्टीत दत्ता हळूहळू कमी होत गेला आणि रुमाल मोठा होत गेला.

शिबिरं चालू राहिली. त्यांनी गावाचं भलं केलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. माणसं खरं बोलू लागली. पाठ धरलेली माणसं महिनाभर व्यायाम करून परत कामावर गेली. इस्माईलचाचांचे कान आधीच गेले होते, पण त्यांच्या धाकट्या भावाचे राहिले. भांड्यांच्या खोलीतली भांडी हलवली, खिडकी मोकळी झाली आणि दार लावून बोलायला कुणाला भीती वाटेनाशी झाली. पण प्रत्येक शिबिराची सुरुवात आबांच्या फोटोला हार घालून व्हायची, आणि तो मी घालायचा असायचा. मी घालायचे आणि मागे जाऊन बसायचे. बोला म्हटलं, तर मानेनेच नको म्हणायचे.

एकदा डॉक्टर मुकादम माझ्याजवळ येऊन बसल्या. केस पार पांढरे झाले होते. फोटोकडे बघत म्हणाल्या, "मी दरवर्षी पोरांना सांगते, पडलेल्याच्या मागे उतरू नका. ती मान डोलवतात. आणि बघतात तिकडे."

"तुम्ही सांगा ना त्यांना," मी म्हटलं.

"मी सांगितलं, तर कंपनीने सांगितलं असं होतं. आणि ते दार उघडं असताना मी त्यांना बोलू दिलं. मला ते लावता येत नव्हतं, पण ओळ लांब नेता आली असती." त्या उठल्या. "तुमच्या वडिलांच्या बाबतीत गाव फक्त तुमचं ऐकेल."

गेल्या वर्षीचं शिबिर. आई नव्हती, ती दोन पावसाळ्यांपूर्वी गेली. हार घालून झाला. सरपंचांनी पहिल्यांदाच बोटीवर निघालेल्या पोरांना पुढे बोलावलं. त्यांत सुजय होता. उंच, दत्तासारखाच पुढे झुकून चालणारा. त्याची बॅग घरी भरून ठेवलेली होती, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. चंद्रा पहिल्या रांगेत बसली होती, नवीन लुगडं नेसून.

"काय रे सुजय," सरपंच म्हणाले, "हरी सारंगाचं नाव राखशील ना?"

"राखीन ना," सुजय म्हणाला. मग लाजून, पण ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "कोण खाली पडला, तर मी काय वर उभा ऱ्हाणार नाय."

टाळ्या वाजल्या. चंद्रानेही वाजवल्या. दोनदा वाजवून तिचे हात थांबले आणि मांडीवर पडले. तिने मागे वळून पाहिलं, कुणाला ते मला माहीत नाही, पण नजर माझ्यावर येऊन थांबली.

मी उठले. सरपंचांनी माइक पुढे केला, मी घेतला नाही. सुजयसमोर जाऊन उभी राहिले.

"सुजय, तू वर उभा राहा," मी म्हटलं. "तुझे वडील पडले, तेव्हा माझे आबा वर उभे राहिले. त्यांनी दोन पोरांना धरून ठेवलं. ती दोघं आज जिवंत आहेत. एकाची पोरगी आता शाळेत जाते. तुझे वडील आबांना वाचवता येत नव्हते. कुणालाच येत नव्हते. आबा त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलत राहिले, तेवढंच करता येत होतं, ते त्यांनी केलं. आणि दुसऱ्या वेळी ते उतरले, ती चूक होती. त्यांना माहीत होतं ती चूक आहे. एका मेलेल्या माणसासाठी ते उतरले, कारण आपण सगळे त्यांच्याकडे बघत होतो. इथून, एवढ्या लांबून."

चंद्राने पदर तोंडावर घेतला. कुणीतरी म्हणालं, "बाय, बस, त्या पोराची बॅग भरली हाय." कोण ते मी पाहिलं नाही. मी फोटोकडे वळले. आता मला गावाशी बोलायचं नव्हतं.

"आबा," मी म्हटलं, "तुम्ही वर थांबलात, ते बरोबर केलंत."